पांढऱ्या घोड्यावरचा पंतप्रधान

4 जून 1795 हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा वाढदिवस. दरवर्षी या दिवशी लंडनमध्ये तोफा डागल्या जात, दरबार भरे, रात्री रोषणाई होई. त्या वर्षी मात्र गावभर बोलवा उठली होती की याच दिवशी मोठा भूकंप होऊन लंडन गडप होणार. ज्याच्या नावावर हे भाकीत चालले होते तो माणूस तीन महिने सरकारच्या कैदेत होता. ज्युरीपुढे उभे करून त्याला वेडाही ठरवून झाले होते. तरी भीती ओसरली नव्हती. काही कुटुंबांनी बिऱ्हाड उचलून शहराबाहेरची वाट धरली. जॉन बिन्स हा त्या काळचा तरुण सुधारणावादी कार्यकर्ता. वादळातून आडोसा घ्यायला तो एका गुत्त्यात शिरला, तर आत भूकंपाच्याच भाकिताची चर्चा रंगली होती, अशी आठवण त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

त्याच तारखेचे एक छापचित्र न्यू बाँड स्ट्रीटवरच्या हॅना हम्फ्रीबाईंच्या दुकानातून विक्रीला आले. चित्रकार होता जेम्स गिलरे. चित्राचे लांबलचक नाव मराठीत सांगायचे तर असे: ‘सहस्रकाची पूर्वचिन्हे, आणि श्रद्धावंतांचा विनाश, संदेष्टा आर. ब्रदर्स याला दिसला तसा, हॅल्हेडसाहेबांच्या साक्षीसह.’ चित्रात एक पांढरा घोडा चौखूर उधळला आहे. त्यावर हाडाचा सापळा झालेला, जवळजवळ नागवा स्वार बसला आहे. केस ज्वाळांसारखे मागे उडताहेत, हातात पेटती तलवार आहे. घोड्याच्या टापांखाली डुकरांचा कळप तुडवला जातो आहे, आणि त्यांच्यातच विरोधी पक्षाचे पुढारी लोळताहेत. फ्रान्सशी तह करा असे संसदेत सांगणारी मंडळी टापांखाली आली आहेत. स्वाराचा चेहरा पाहिला की लंडनकराला एका क्षणात ओळख पटे. ते लांब, वर वळलेले नाक पंतप्रधान विल्यम पिटचे होते.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ‘प्रकटीकरणा’त, जगाचा अंत जवळ येतो तेव्हा चार घोडेस्वार दिसतात. त्यातल्या फिकट घोड्यावर मृत्यू बसलेला असतो. बेंजामिन वेस्ट या नामवंत चित्रकाराने हा प्रसंग रेखाटून 1784 मध्ये रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनात मांडला होता. गिलरेने तो घोडा उचलला, त्याला हॅनोव्हर राजघराण्याच्या निशाणावरचा पांढरा घोडा केले आणि मृत्यूच्या जागी देशाचा कारभारी बसवला. स्वाराच्या मागे एक लहानसे भूत चिकटले आहे, ते म्हणजे युवराज. त्याच्या हातातल्या कागदावर वर्षाला 1,25,000 पौंडांची तजवीज लिहिली आहे. दोनच महिन्यांपूर्वी युवराजाचे लग्न झाले होते आणि त्याच्या डोंगराएवढ्या कर्जाची फेड कशी करायची, यावर संसद त्याच दिवसांत घासाघीस करीत होती. डुकरांचा अर्थही प्रत्येकाला ठाऊक होता. एडमंड बर्कने 1790 मध्ये सामान्य रयतेला डुकरांच्या कळपाची उपमा दिली होती आणि ती रयतेच्या जिव्हारी लागली होती.

असा हा देखावा छापायला गिलरेला त्या वर्षी कुणी अडवले नाही. ज्याच्या स्वप्नाचा त्याने आधार घेतला, तो माणूस मात्र तेव्हा इस्लिंग्टनच्या वेड्यांच्या खासगी इस्पितळात कोंडलेला होता. या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात घडल्या. त्या काळच्या व्यंगचित्रांचा इतिहास वाचताना माझे मन पुन्हा पुन्हा तिथेच घोटाळते.

हा माणूस म्हणजे रिचर्ड ब्रदर्स. त्याचा जन्म 25 डिसेंबर 1757 चा, न्यूफाउंडलंडमधल्या प्लॅसेन्शियाचा. कोवळ्या वयात तो शाही आरमारात शिरला, फ्रेंचांशी झालेल्या लढायांत लढला आणि 1783 मध्ये लेफ्टनंट झाला. त्याच वर्षी युद्ध संपले आणि त्याला अर्ध्या पगारावर घरी पाठवण्यात आले. हा अर्धा पगार वर्षाला 54 पौंड. तो उचलताना शपथ घ्यावी लागे की मी हे स्वखुशीने करतो आहे. ब्रदर्सला ही शपथ खोटी वाटू लागली. ख्रिस्ताने शपथ घेऊ नका असे सांगितले असताना पोटासाठी शपथ कशी घ्यायची? त्याने पगार नाकारला. खोलीचे भाडे थकले, घरमालकिणीने तक्रार केली, तो गरिबांच्या आश्रयगृहात गेला, पुढे कर्जापायी न्यूगेटच्या तुरुंगातही राहून आला. पुढे त्याच्या वेडाचे पुरावे म्हणून जे जे पुढे आले, त्यात मला ही पहिली गोष्ट कधीच बसवता आलेली नाही. भुकेला असताना शपथ नाकारणारा माणूस वेगळ्याच धातूचा असतो.

दृष्टांत व्हायला लागले ते याच काळात. टेम्स नदी माणसांच्या रक्ताने लाल झालेली त्याने पाहिली. सैतान सावकाश पावले टाकत लंडनमध्ये शिरताना पाहिला. 1791 च्या जानेवारीत आकाशात गडगडाट झाला तो देवदूताचा आवाज होता, लंडन त्याच वेळी नष्ट व्हायचे होते, पण आपण विनवणी केली म्हणून देवाने शिक्षा लांबवली, असे तो सांगे. 1792 पासून त्याने राजाला, मंत्र्यांना, संसदेच्या सभापतीला पत्रे धाडायला सुरुवात केली. 1794 मध्ये त्याचे दृष्टांत पुस्तकरूपाने आले. ते दोन भागांत होते आणि छापणारा होता जॉर्ज रीबाऊ. हा रीबाऊ पुढे विज्ञानाच्या इतिहासात निराळ्याच कारणाने अमर झाला, कारण 1805 मध्ये पुस्तकबांधणी शिकायला त्याच्या दुकानात जो पोरगा उमेदवार म्हणून राहिला तो मायकेल फॅरडे. तेव्हा मात्र रीबाऊ स्वतःला ‘हिब्रूंच्या राजपुत्राचा पुस्तकविक्रेता’ म्हणवून घेत होता. पुस्तक हातोहात खपले. लंडनपाठोपाठ डब्लिनमध्ये आणि अमेरिकेतही ते छापले गेले.

ब्रदर्सचे म्हणणे थोडक्यात असे होते: इंग्लंडमध्ये असंख्य माणसे ज्यू वंशाची आहेत, त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नाही. आपण त्यांना ओळखू शकतो. 1795 मध्ये देव आपल्याला उघड करणार, आपण त्या सर्वांना जेरुसलेमला नेणार आणि 1798 पर्यंत ते शहर पुन्हा बांधून काढणार. राजाने आपला मुकुट आपल्या हाती द्यावा. एवढेच असते तर कुणी लक्ष दिले नसते. शहरात असे किती तरी जण होते. पण ब्रदर्सच्या दृष्टांतांचा गाभा युद्ध हा होता. फ्रान्सची राज्यक्रांती हा देवाचा निवाडा आहे, त्याच्या आड येणारी सैन्ये धुळीला मिळतील, इंग्लंडने या लढाईतून हात काढून घेतला नाही तर इंग्लंडचाही तोच शेवट होईल, असे तो ठासून सांगत होता.

आणि बातम्या त्याच्या बाजूने येत होत्या. फेब्रुवारी 1793 मध्ये फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा लढाई लवकर आटोपेल असे पिटला वाटले होते. 1795 उजाडता उजाडता फ्रेंच फौजा ॲमस्टरडॅममध्ये शिरल्या. टेक्सेलजवळ बर्फात अडकलेली डच जहाजे फ्रेंच घोडदळाच्या हाती पडली. त्या हिवाळ्यात थंडीने कहर केला, आधीचे पीक बुडाले होते, भाकरी महाग झाली आणि वर्षभर ठिकठिकाणी धान्यासाठी दंगे होत राहिले. सैन्यात माणसे भरण्यासाठी दलाल तरुणांना फसवून डांबून ठेवत, म्हणून 1794 च्या ऑगस्टमध्ये लंडनकरांनी त्यांची घरे फोडली होती. विनाचौकशी अटकेविरुद्धचा जुना हक्क त्या वर्षीच्या मे महिन्यात स्थगित झाला. मताधिकार मागणाऱ्या टॉमस हार्डी आणि त्याच्या सहकाऱ्यांवर राजद्रोहाचे खटले झाले. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले, ती सरकारची मोठी नाचक्की होती. अशा वेळी एक माजी आरमारी अधिकारी रक्ताने लाल झालेल्या टेम्सची वर्णने छापून वाटतो आणि लोक ती विकत घेऊन वाचतात, हे मंत्रिमंडळाला परवडणारे नव्हते.

4 मार्च 1795 रोजी पॅडिंग्टन स्ट्रीटवरच्या त्याच्या बिऱ्हाडातून राजाच्या दूतांनी त्याला उचलले. (याच आठवड्यात इकडे दख्खनमध्ये पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा एकमेकींकडे सरकत होत्या, 11 मार्चला खर्ड्याची लढाई झाली.) आरोपासाठी राणी एलिझाबेथच्या काळातला एक कायदा शोधून काढण्यात आला. रयतेत दुही माजवण्याच्या हेतूने विचित्र भाकिते लिहिणे आणि छापणे त्या कायद्याने गुन्हा ठरत होते. सुमारे तीन आठवड्यांनी, 27 मार्चला, ज्युरीने त्याला वेडा ठरवले. खटल्यापेक्षा हे सोयीचे होते. हार्डीच्या खटल्यातून सरकार शहाणे झाले होते. खटला उभा राहिला असता तर आरोपीला बोलू द्यावे लागले असते, भाकिते एकेक करून वाचली गेली असती, आणि ज्युरीने पुन्हा सोडून दिले असते तर? वेड्याला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

अटकेच्या दुसऱ्याच दिवसाची, 5 मार्चची, तारीख घालून गिलरेचे पहिले ब्रदर्स-चित्र बाहेर पडले. इतक्या झटपट तांब्याचा पत्रा कोरून होत नाही, तेव्हा तो आधीपासून तयारीत असला पाहिजे. ते काम काय असे ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा. मेणबत्तीच्या धुराने तो काळा करायचा, म्हणजे ओढलेली रेघ तांब्याच्या रंगात चमकून दिसते. मग सुईने रेखाटायचे, सगळे उलटे, आरशात दिसते तसे. गिलरेच्या चित्रांत माणसांच्या तोंडून निघालेली वाक्येच्या वाक्ये असतात, कागदपत्रांवर बारीक मजकूर असतो, तोही सारा उलटा लिहायचा. नंतर आम्ल ओतले की रेघेपुरते तांबे खाल्ले जाते. काही रेघा लवकर झाकायच्या म्हणजे त्या नाजूक राहतात, काही जास्त वेळ उघड्या ठेवायच्या म्हणजे खोल जातात. छापून झाल्यावर एकेक प्रत हाताने रंगवली जाई. रंगीत चित्राला काही शिलिंग पडत. मजुराची आठवड्याची कमाईच दहा-बारा शिलिंगांची, तेव्हा तो ते विकत घेत नसे. तो दुकानाच्या खिडकीसमोर उभा राहून पाही. हम्फ्रीबाईंच्या खिडकीपुढे रस्ता अडेल इतकी गर्दी होत असे, आणि ज्याला अक्षर येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवी.

5 मार्चच्या चित्रात ब्रदर्स फाटक्या कपड्यांत ढांगा टाकत चालला आहे. हातात आगीची तलवार, डोळे भलतीकडे लागलेले. पाठीवर गाठोडे आहे, त्यावर ‘निवडलेल्यांचे गाठोडे’ असे लिहिले आहे आणि त्यातून फॉक्स, शेरिडन, स्टॅनहोप या विरोधी पुढाऱ्यांची डोकी डोकावताहेत. मागे लंडन आगीत कोसळते आहे. ज्या जेरुसलेमच्या वेशीकडे तो बोट दाखवतो आहे, ती जवळून पाहिली तर फाशीचा खांब आहे. सरकारला हवे होते ते सगळे या एका चित्रात आले होते: संदेष्टा वेडा, त्याच्या गाठोड्यातले विरोधक राजद्रोही, आणि तह मागणाऱ्या सगळ्यांचा शेवट फासावर.

त्याच वसंतात लंडनच्या दुसऱ्या एका उत्कृष्ट खोदकाराने त्याच माणसाचा चेहरा तांब्यावर उतरवला. विल्यम शार्प हे त्या काळी युरोपभर मान असलेले नाव. राजकीय सुधारणांसाठी धडपडणाऱ्या शार्पची 1794 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने चौकशीही केली होती. 16 एप्रिल 1795 च्या त्याच्या चित्रात ब्रदर्स शांत बसला आहे, डोक्यावर वरून प्रकाशाचे किरण उतरताहेत. खाली शार्पने स्वतःच्या नावानिशी कोरले आहे, की देवाने नेमलेला माणूस हाच, अशी माझी पूर्ण श्रद्धा आहे म्हणून मी याची प्रतिमा कोरतो आहे. तेव्हा ब्रदर्सला वेडा ठरवून जवळजवळ तीन आठवडे उलटले होते. पोटापाण्याचा धंदा असलेल्या कारागिराने आपली सारी पत अशी एका ओळीत पणाला लावावी, याचे मोल मला फार मोठे वाटते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. चेहऱ्याचे वळण तेच आहे, कपाळ तेच आहे. गिलरेने डोळ्यांत वेड भरले आहे आणि शार्पने विश्वास.

गिलरेच्या जून महिन्याच्या चित्राच्या नावात हॅल्हेड आहे. या माणसाची गोष्ट हिंदुस्थानात सुरू होते. नॅथॅनिएल ब्रॅसी हॅल्हेड 1772 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला. बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याच्या सांगण्यावरून अकरा पंडितांनी हिंदू धर्मशास्त्राचा जो संग्रह केला, तो संस्कृतातून फार्सीत आला आणि फार्सीतून हॅल्हेडने इंग्रजीत नेला. तो ग्रंथ 1776 मध्ये निघाला. 1778 मध्ये हुगळीला त्याचे बंगाली भाषेचे व्याकरण छापले गेले. त्यासाठी चार्ल्स विल्किन्स आणि पंचानन कर्मकार यांनी बंगाली अक्षरांचे खिळे पाडले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतले साम्य त्याने विल्यम जोन्सच्या आधी नोंदवले होते. असा हा विद्वान युगांच्या गणितात गुंतला. चार युगांची प्रचंड कालगणना आणि बायबलची कालगणना यांची सांगड कुठे तरी बसलीच पाहिजे, या ध्यासाने त्याने वर्षे घालवली. ब्रदर्सचे पुस्तक हातात पडले तेव्हा ती सांगड त्यात सापडली, अशी त्याची खात्री पटली. तो तेव्हा लिमिंग्टनचा खासदार होता. ब्रदर्सच्या भाकितांच्या सत्यतेची साक्ष देणारे पुस्तक लिहून त्याने ते सरळ छापून टाकले.

31 मार्च 1795 रोजी तो कॉमन्स सभागृहात उभा राहिला. ब्रदर्सचे पुस्तक सभागृहापुढे ठेवावे, असा त्याचा ठराव होता. तो सुमारे तीन तास बोलला. ते भाषण वेडगळ नव्हते. एखादा माणूस आपण जेरुसलेमचा राजा होणार म्हणतो, त्यात इंग्लंडच्या राजाशी द्रोह कुठे येतो, असा त्याचा सरळ कायदेशीर प्रश्न होता. सभागृहाने निमूट ऐकून घेतले. ठरावाला अनुमोदन द्यायला एकही सदस्य उठला नाही. 21 एप्रिलला त्याने ब्रदर्सच्या अटकेबद्दल दुसरा ठराव आणला. तोही अनुमोदनाअभावी पडला. दोनच दिवसांनी, 23 एप्रिलला, सात वर्षे रेंगाळलेल्या महाभियोगातून वॉरन हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. ज्याची बाजू मांडत हॅल्हेडने उमेदीची वर्षे घालवली त्या धन्याची सुटका आणि त्याची स्वतःची राजकीय अखेर एकाच आठवड्यात आली.

हेस्टिंग्जवर अयोध्येच्या बेगमांच्या छळाचा आरोप ठेवत ज्याने 1787 मध्ये पाच तासांहून अधिक वेळ भाषण करून सभागृह हलवले होते, तो रिचर्ड शेरिडन हॅरोच्या शाळेत हॅल्हेडचा जिवलग मित्र होता. दोघांनी मिळून एका ग्रीक लेखकाचे भाषांतर केले होते. दोघांचे मन एकाच मुलीवर, एलिझाबेथ लिन्लीवर, जडले होते. तिचे लग्न शेरिडनशी झाले आणि हॅल्हेड बंगालला गेला. आता गिलरेच्या चित्रात शेरिडन ब्रदर्सच्या पाठीवरच्या गाठोड्यात होता. संदेष्ट्यावर खरोखर विश्वास ठेवणारा हॅल्हेड त्या गाठोड्याबाहेर, संसदेच्या बाकावर, एकटा पडला.

मार्चच्या चित्रात गिलरे सरकारच्या बाजूने बोलला. तीन महिन्यांनी, जूनच्या चित्रात, त्याने तेच दृष्टांत घेतले आणि मृत्यूच्या घोड्यावर पंतप्रधानाला बसवले. त्यात थट्टा दोन्ही बाजूंची आहे हे खरे. तुडवले गेलेले विरोधकही हास्यास्पद दिसतात. पण चित्र दूर धरून पाहिले की नजरेत राहतो तो घोडा, ती तलवार आणि खाली चिरडली जाणारी रयत. ब्रदर्सने लिहून सांगितले त्याहून हे सौम्य नव्हते. स्वप्नाचा बुरखा होता म्हणून ते खिडकीत टांगता आले. हे मी म्हणत नाही, त्या वेड्याला असे दिसले, असे म्हणायची सोय चित्राच्या नावातच होती. अठराव्या शतकाच्या छापचित्रांत स्वप्ने वारंवार येतात ती याच कामासाठी. 1782 मध्ये चित्रकार फ्यूजेलीचे ‘दुःस्वप्न’ प्रदर्शनात आले. उताण्या झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेले पिशाच्च सगळ्यांना माहीत झाले, आणि दोन वर्षांत व्यंगचित्रकार रोलँडसनने त्या पलंगावर नागव्या फॉक्सला झोपवले. झोपलेला माणूस काहीही पाहू शकतो.

गिलरे स्वतः वाढला तो अशा वातावरणात जिथे जगाचा अंत ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. त्याचे आईबाप मोरेव्हियन पंथाचे, फार धार्मिक, मृत्यूकडे सुटका म्हणून पाहणारे. बापाचा एक हात 1745 मध्ये फोंतेन्वाच्या लढाईत गेला होता आणि पुढचे आयुष्य त्याने चेल्सीच्या पेन्शनर शिपायांत काढले. युद्ध म्हणजे काय हे या पोराने घरातल्या रिकाम्या बाहीत पाहिले होते. पिटच्या हातातली पेटती तलवार रेखाटताना त्याच्या सुईला जो जोर चढला आहे, त्याचे मूळ तिथे असावे असे मला नेहमी वाटते.

1796 च्या जानेवारीत कायद्याचा हात गिलरेपर्यंत पोहोचला. नव्या राजकन्येच्या जन्मावर त्याने केलेले एक चित्र ईश्वरनिंदा ठरवून त्याला अटक झाली. जामीन मिळाला. या सुमारास जॉर्ज कॅनिंग हा पिटचा तरुण अनुयायी त्याच्या मागे लागला होता. आपण गिलरेच्या चित्रात यावे ही त्याची मोठी हौस होती. 20 ऑक्टोबर 1796 च्या चित्रात ती पुरी झाली. ‘फ्रेंच आक्रमणाचे आश्वासित थरार’ या नावाच्या चित्रात फ्रेंच सैन्य सेंट जेम्स स्ट्रीटवरून चालले आहे, राजवाडा जळतो आहे, पिटला खांबाला बांधून फॉक्स फटके मारतो आहे, आणि कॅनिंग दिव्याच्या खांबाला लटकतो आहे. भाकीत आता सरकारच्या कामाचे झाले होते. दोन महिन्यांत फ्रेंच आरमार खरोखरच आयर्लंडच्या बँट्री उपसागरापर्यंत आले आणि वादळाने परत फिरले. फेब्रुवारी 1797 मध्ये वेल्समधल्या फिशगार्डला सुमारे चौदाशे फ्रेंच सैनिक उतरले आणि दोन दिवसांत शरण आले. त्याच वर्षी गिलरेला सरकारकडून वर्षाला 200 पौंडांचे गुप्त मानधन सुरू झाले. पांढऱ्या घोड्यावर मृत्यू होऊन बसलेला पिट पुन्हा त्याच्या चित्रांत आला नाही.

1801 मध्ये पिट पायउतार झाला, मानधन थांबले आणि 1 ऑक्टोबरला फ्रान्सशी तहाच्या प्राथमिक अटींवर सह्या झाल्या. 9 नोव्हेंबरच्या गिलरेच्या चित्रात तहाला कडाडून विरोध करणारा विल्यम विंडहॅम पलंगावर झोपला आहे आणि तह हेच त्याचे दुःस्वप्न झाले आहे. बोनापार्ट ब्रिटानियाला दोरीने गिलोटिनकडे ओढतो आहे, आणि पिट मंत्र्याचा हात धरून सही करवतो आहे. ब्रदर्सला युद्धाचे जे दिसले, ते युद्धवाल्याला शांततेचे दिसू लागले होते. मे 1803 मध्ये युद्ध पुन्हा सुरू झाले.

ब्रदर्स अकरा वर्षे इस्पितळात होता. तिथला डॉक्टर सॅम्युएल फोर्ट सिमन्स. 1804 मध्ये राजा तिसरा जॉर्ज पुन्हा भ्रमिष्ट झाला तेव्हा उपचारासाठी याच सिमन्सला बोलावणे गेले. ज्याने राजाकडे मुकुट मागितला तो संदेष्टा आणि तो मुकुट घालणारा राजा एकाच वैद्याचे रोगी झाले. जानेवारी 1806 मध्ये पिट वारला आणि त्याच वर्षी नव्या मंत्रिमंडळातला लॉर्ड चॅन्सेलर अर्स्किन याने ब्रदर्सला सोडले. हार्डीच्या खटल्यात आरोपींची बाजू मांडणारा वकील तोच होता. ब्रदर्स पुढे जेरुसलेमच्या रस्त्यांचे आणि वाड्यांचे आराखडे काढत एका अनुयायाच्या घरी राहिला आणि 1824 मध्ये वारला. गिलरेची दृष्टी मंदावली, 1810 नंतर त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. हम्फ्रीबाईंनी दुकानावरच्या खोलीत त्याला शेवटपर्यंत सांभाळले. 1 जून 1815 रोजी तो गेला.

हॅल्हेडने 1795 नंतर लोकांत जाणे सोडले. कितीतरी वर्षे तो घराबाहेर क्वचितच दिसला. 1809 मध्ये जुन्या कंपनीने त्याला लंडनच्या इंडिया हाउसमध्ये वर्षाला 600 पौंडांवर जागा दिली. तिथल्या ग्रंथालयात श्रीरंगपट्टणहून आलेली एक फार्सी वही होती. 1799 मध्ये किल्ला पडल्यावर कर्नल कर्कपॅट्रिकला ती टिपू सुलतानाच्या शयनगृहात सापडली होती. टिपूने स्वतःच्या हाताने आपली स्वप्ने त्यात लिहून ठेवली होती आणि ती वही तो कुणाच्या नजरेस पडू देत नसे. त्या स्वप्नांच्या भाषांतराला हॅल्हेडने हात घातला.

बहुतेक स्वप्ने युद्धाची आहेत आणि पुष्कळांत मराठे आहेत. 1786 मध्ये सावनूरच्या बाजूला हरिपंत फडक्यांच्या छावणीवर छापा घालण्याआधी टिपूला एक स्वप्न पडले. एक देखणा अनोळखी तरुण जवळ येऊन बसला. थोड्या वेळाने उठून त्याने पगडीखालचे केस मोकळे सोडले, अंगरख्याचे बंद सोडले, आणि ती बाई असल्याचे उघड झाले. जागा झाल्यावर टिपूने जवळच्या लोकांना अर्थ सांगितला, की मराठ्यांनी पुरुषांचा वेश घेतला आहे, पण लढाईत ते बायका निघतील. पुढे छावणीवर छापा घातला तेव्हा ते पळाले, असेही त्याने लिहून ठेवले. पाच वर्षांनी, मे 1791 मध्ये, श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला पावसात तोफा फोडून माघार घ्यावी लागली. गुरे मेली होती, फौज उपाशी होती, तेव्हा मेलुकोट्याजवळ धान्याने आणि बाजाराने भरलेली छावणी घेऊन जे आले ते हेच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. त्या माघारीवरही गिलरेने चित्र काढले होते, डिसेंबर 1791 मध्ये. तटावर उभा असलेला टिपू गाढवावरून पळणाऱ्या कॉर्नवॉलिसवर मूत्राची धार सोडतो आहे, असे ते चित्र.

ब्रदर्सच्या स्वप्नांना संसदेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस म्हातारपणी एका लढवय्या राजाची खरी स्वप्ने ओळीओळीने इंग्रजीत उतरवत बसला होता. 1830 मध्ये तो वारला. टिपूची ती वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि पांढऱ्या घोड्यावरच्या पिटचे चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये.